३३०आय की ३३०आय एक्सड्राइव्ह? न्यू जर्सीत राहून रिअर-व्हील ड्राइव्ह का घेतली

आधी निकाल सांगून टाकते, कारणं नंतर. बीएमडब्ल्यूच्या ३ सिरीजमधली ३३०आय सेडान घ्यायची असेल, तुम्ही सेंट्रल जर्सीसारख्या सपाट भागात राहत असाल आणि गॅरेजमध्ये चार टायर रचून ठेवायला कोपरा असेल, तर रिअर-व्हील ड्राइव्हची (इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना देणारी) घ्या आणि वाचलेल्या पैशात विंटर टायरचा सेट घ्या. ड्राइव्हवे चांगलाच चढाचा असेल किंवा टायर ठेवायला जागाच नसेल तर एक्सड्राइव्ह, म्हणजे बीएमडब्ल्यूची चारही चाकांना ताकद देणारी ऑल-व्हील ड्राइव्ह, घ्या, बिनधास्त. बाकी सगळं लिहितेय ते या दोन वाक्यांमागे काय आहे ते नीट कळावं म्हणून, कारण आपल्या लोकांमध्ये या विषयावर कोणी थांबून विचारच करत नाही असं मला वाटतं. लक्झरी सेडान म्हटलं की पहिला प्रश्न रंगाचा आणि दुसरा ईएमआय नाहीतर लीजचा, ऑल-व्हील ड्राइव्ह तर गृहीतच धरलेली असते. माझ्या दिराने तर मला सरळ विचारलं, "वहिनी, अहो रिअर-व्हील घेऊन स्नोमध्ये जाणार कशा?" आणि त्याची काळजी खरी होती, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

आमच्या भागात डीलरच्या लॉटवर जाऊन बघा, उभ्या असलेल्या बहुतेक ३३०आय एक्सड्राइव्हच असतात. डीलर मागवतोच तशा. सेल्समनला रिअर-व्हीलची गाडी दाखवा म्हटलं की तो एकदा तुमच्याकडे बघतो आणि मग "तुम्ही इथेच राहता ना?" असं विचारतो. त्यामुळे दोन्ही गाड्या एकाच दिवशी चालवून बघणं हेच मुळात अवघड जातं. मी हट्टाने ते जमवलं, दोन वेगवेगळ्या डीलरकडे जाऊन, त्याच दुपारी, पावसाच्या भुरभुरीत, आणि माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे की एवढे पैसे घालताय तर तुम्हीही जमवा, कारण कागदावर जो फरक दिसतो तो आणि हाताला जाणवतो तो हे दोन वेगळे प्रकार आहेत.

कागदावरचा आधी. इंजिन तेच, दोन लिटरचं टर्बो, २५५ हॉर्सपॉवर. गिअरबॉक्स तोच, आठ स्पीडचा ऑटोमॅटिक. एक्सड्राइव्हला साधारण दोन हजार डॉलर जास्त. वजन सव्वाशे-दीडशे पौंडांनी जास्त. शून्य ते साठ मैल कंपनीच्या आकड्यांप्रमाणे रिअर-व्हील ५.६ सेकंदात आणि एक्सड्राइव्ह ५.४ सेकंदात, म्हणजे वजन जास्त असूनही सुटताना चारही चाकं ढकलतात म्हणून ती किंचित पुढे. मायलेजमध्ये एक-दोन एमपीजीचा (मैल प्रति गॅलन) फरक. ही बॉडी २०१९ साली आली तेव्हा ईपीएचे, म्हणजे अमेरिकी सरकारच्या पर्यावरण खात्याचे, एकत्रित आकडे ३० आणि २८ होते. वर्षाला १२,००० मैल धरले तर हा फरक २८-२९ गॅलनचा येतो, प्रीमियम गॅस, म्हणजे महागातलं पेट्रोल, लागतो म्हणून शंभर-सव्वाशे डॉलर म्हणा. यातल्या कुठल्याच आकड्यावर कोणी गाडी ठरवू नये इतके हे फरक किरकोळ आहेत.

आता आत काय आहे ते थोडं. रिअर-व्हीलमध्ये गिअरबॉक्समधून एक शाफ्ट मागे जातो, मागची चाकं फिरतात, पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम, बस. एक्सड्राइव्हमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते, त्यात पातळ प्लेट्सचा एक क्लच असतो, तो एक छोटी मोटर दाबते आणि जितका दाबेल तितकी ताकद पुढच्या चाकांकडे जाते. नेहमीच्या चालण्यात जास्तीची ताकद मागेच असते, मागचं चाक घसरायला लागलं किंवा घसरेल असं कॉम्प्युटरला वाटलं की क्लच आवळतो. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट इंजिनाच्या ऑइल पॅनमधून आरपार काढलेला असतो, कारण इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं आहे आणि दुसरी जागाच नाही. हे सगळं अप्रतिम काम आहे, बीएमडब्ल्यू १९८५ पासून, म्हणजे जुन्या ३२५आयएक्सपासून, हे करतेय, आणि एक्सड्राइव्ह हे नाव २००३ पासूनचं. म्हणजे ही काही नवखी भानगड नाही, गाडी वाईट होते वगैरे कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

पण चालवताना फरक आहे. मला तो रॅम्पवर सगळ्यात स्पष्ट जाणवला. रूट १ वरून २८७ ला लागताना जो गोल रॅम्प येतो, त्यावर ओल्या रस्त्यात मी दोन्ही गाड्या सारख्याच वेगाने घातल्या. एक्सड्राइव्हमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की ती शांतपणे, कसलाही आवाज न करता वळणातून बाहेर ओढून काढते, आत्मविश्वास प्रचंड. रिअर-व्हीलमध्ये त्याच जागी मागचं टोक किंचित हलल्यासारखं होतं, ट्रॅक्शनचा पिवळा दिवा क्षणभर लुकलुकतो, आणि गाडी तुम्हाला सांगते की रस्ता ओला आहे, जरा बेताने. हे सांगणं मला मोलाचं वाटतं. स्टिअरिंगही वेगळं, पुढच्या चाकांना गाडी ओढायचं काम नाही म्हणून वळण घेताना गाडी पटकन नाक वळवते आणि स्टिअरिंग सरळ होताना हाताला हलकं, मोकळं लागतं. एक्सड्राइव्हमध्ये नाक जरा जड आहे, सरळ हायवेवर ते स्थिर वाटतं आणि काही लोकांना तेच आवडेल, माझ्या नवऱ्याला आवडलंच. पार्किंगमध्ये फिरवताना रिअर-व्हीलचा टर्निंग सर्कल थोडा लहान, कारण पुढच्या चाकांना शाफ्ट नाही म्हणून ती जास्त वळू शकतात. पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा दुकानाच्या शनिवारच्या पार्किंग लॉटमध्ये ही गोष्ट दर वेळी कामाला येते.

बरं, आता स्नो. खरा प्रश्न तोच आहे.

ऑल-व्हील ड्राइव्ह फक्त एक काम करते, गाडीला पुढे ढकलते. थांबवायचं काम ती करत नाही. ब्रेक मारला की प्रत्येक गाडीची चारही चाकं थांबवायला बघतात, मग ती रिअर-व्हील असो नाहीतर ऑल-व्हील, आणि तिथे फक्त टायरची पकड कामाला येते. वळण्याचंही तेच. मी हे घरी नवऱ्याला कागदावर काढून दाखवलं, तुम्हीही काढा, शाळेतलंच फिजिक्स आहे. समजा दाबला गेलेला स्नो आहे, त्यावर ऑल-सीझन टायरचा घर्षणाचा आकडा ०.२ आणि विंटर टायरचा ०.३ धरला. आता ३० मैल वेगाने जाताना ब्रेक मारला तर ऑल-सीझनवर गाडी साधारण दीडशे फुटांवर थांबते आणि विंटर टायरवर शंभर फुटांवर. गाडी रिअर-व्हील की ऑल-व्हील याने या उत्तरात काहीच बदल होत नाही. पन्नास फूट म्हणजे तीन गाड्यांची लांबी, समोर शाळेची बस उभी असेल तर ते पन्नास फूट काय चीज आहेत ते मी सांगायला नको.

चढाचा हिशेब मात्र उलटा येतो आणि तोही मी प्रामाणिकपणे मांडते. रिअर-व्हील गाडीत निम्मं वजन मागच्या चाकांवर, म्हणजे निम्मीच पकड चढायला मिळणार. ऑल-सीझन टायरवर ती ढोबळमानाने १० टक्के चढ चढेल, विंटर टायरवर १५ टक्के. ऑल-व्हील मात्र साध्या ऑल-सीझनवरही २० टक्क्यांपर्यंत जाईल. (१५ टक्के म्हणजे शंभर फुटांत पंधरा फूट वर, हा बऱ्यापैकी खडा ड्राइव्हवे झाला.) म्हणजे नुसता चढायचा प्रश्न असेल तर ऑल-व्हील ड्राइव्ह विंटर टायरवाल्या रिअर-व्हीललाही मागे टाकते. म्हणून तर सुरुवातीलाच ड्राइव्हवेचं बोलले. एडिसन, वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो या बाजूला बहुतेक रस्ते सपाट आहेत. वॉचुंग, वॉरन, किंवा वर मॉरिस काउंटीत डोंगराच्या कडेला घर असेल तर मी स्वतःसुद्धा एक्सड्राइव्हच घेतली असती.

तरी लोकांना ऑल-व्हीलचा इतका भरवसा का वाटतो? कारण निघताना ती सहसा घसरत नाही. सिग्नल सुटला की ती सरळ सुटते, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे ड्रायव्हरला कळतच नाही, वेग वाढतो आणि मग पुढचा सिग्नल लाल होतो. इथे नवीन आलेल्या आपल्या मुलामुलींना मी हे आवर्जून सांगते, पहिला हिवाळा, पहिली चांगली नोकरी, पहिली चांगली गाडी, आणि "ऑल-व्हील आहे ना मग काय" असं म्हणत ताशी ७० मैलांनी टर्नपाइक हायवेवर. पूल आधी गोठतात, रॅम्पच्या सावलीत ब्लॅक आइस, म्हणजे डोळ्याला न दिसणारा बर्फाचा पातळ थर, असतं, तिथे एक्सड्राइव्हचा बिल्ला काही करू शकत नाही. कृपा करून टायरवर खर्च करा, मग गाडी कुठलीही असो.

रिअर-व्हीलची बदनामी कुठून आली ते पण समजून घ्या. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मोठ्या अमेरिकन सेडान, पुढे जड इंजिन, मागे हलक्या, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, स्टॅबिलिटी कंट्रोल नाही. लोक डिकीत वाळूची पोती टाकून हिवाळा काढायचे, आमच्या शेजारचे आजोबा अजून त्याच्या गोष्टी सांगतात आणि त्यांचा अनुभव शंभर टक्के खरा आहे. पण तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे ३ सिरीजसारख्या गाड्यांत वजनाची विभागणी पुढे-मागे जवळजवळ निम्मी-निम्मी आहे. आणि दुसरी, अमेरिकेत २०१२ च्या मॉडेल इयरपासून प्रत्येक नव्या कारमध्ये इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल कायद्याने सक्तीचं आहे. गाडी फिरायला लागली की कॉम्प्युटर एकेका चाकाचा ब्रेक वेगळा दाबून तिला सरळ करतो, हे काम कुठल्याही माणसाच्या पायाला जमणारं नाही. आजोबांच्या काळातली रिअर-व्हील आणि आजची, यांची तुलनाच नको.

आमचे हिवाळे कसे गेले? छान गेले. नेवार्कला वर्षाला सरासरी सुमारे ३१ इंच स्नो पडतो, बॉस्टनला ४९ च्या आसपास, बफेलोला ९५. म्हणजे आमच्याकडे खरा त्रासाचा काळ दर वर्षी थोडकाच, आणि त्यातही टाऊनशिपचे प्लाऊ, म्हणजे स्नो बाजूला सारणारे ट्रक, रात्रीतून फिरतात, सॉल्ट पडतो, दुपारपर्यंत मुख्य रस्ते काळे दिसायला लागतात. उरतो तो आपला ड्राइव्हवे आणि त्याच्या तोंडाशी प्लाऊने करून ठेवलेला तो कडक ढीग. तो ढीग फावड्याने काढावाच लागतो, एक्सड्राइव्ह असली तरी. कारण सेडानचं पोट जमिनीपासून साडेपाच इंचाच्या आसपास असतं आणि ऑल-व्हील घेतली म्हणून गाडी काही एसयूव्हीएवढी उंच होत नाही, आठ इंचाच्या ढिगावर घातली तर पोटावर बसते आणि चारही चाकं हवेत फिरतात. निघताना मागची चाकं जागेवर फिरत असतील तर डीटीसीचं (ट्रॅक्शन कंट्रोल थोडं सैल करणारं) बटण दाबा, डीएससी म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोल पूर्ण बंद करायचं नाही हं, फक्त डीटीसी, त्यात चाकांना थोडं जास्त फिरू देतात आणि गाडी स्नो बाजूला करत हळूहळू बाहेर येते. पाय मात्र अगदी हलका ठेवायचा. हे एकदा अंगवळणी पडलं की भीती राहत नाही.

टायरबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक लोक इथेच कंटाळतात. ऑल-सीझनचं रबर साधारण ७ सेल्सिअसच्या, म्हणजे ४५ फॅरनहाइटच्या खाली कडक व्हायला लागतं, विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावर बारीक बारीक चिरा असतात त्या स्नोला धरतात. म्हणजे स्नो पडला नसतानाही, नुसत्या थंड कोरड्या सकाळी फरक पडतो. विकत घेताना टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी अशी खूण बघा, नुसतं "एम प्लस एस" (मड आणि स्नो) लिहिलेलं पुरेसं नाही. मिशेलिन एक्स-आइस स्नो, ब्रिजस्टोन ब्लिझॅक, नोकियन हक्कापेलिटा ही चांगली नावं. १८ इंची टायर वेगळ्या रिमसकट घेतले तर दीड हजार डॉलरच्या आसपास जातात, म्हणजे एक्सड्राइव्हला जास्तीचे जे दोन हजार द्यायचे होते त्यात बसतात. वेगळे रिम घ्याच, नाहीतर दर वेळी टायर रिमवरून काढून चढवायचा खर्च आणि रिमला ओरखडे. आणि हे पैसे पूर्ण खर्चात धरू नका, कारण चार महिने विंटर टायर झिजत असतात तेव्हा मूळचे टायर गॅरेजमध्ये आराम करत असतात, ते तेवढे जास्त टिकतात. कॅनडात क्युबेकमध्ये तर १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्याने सक्तीचे आहेत, गाडी ऑल-व्हील आहे म्हणून सूट नाही. तिथल्या सरकारने रोजच्या स्नोतून जे शिकलं ते आपण फुकटात घ्यावं.

ऑल-व्हीलचा टायरच्या बाबतीत एक छुपा खर्चही आहे. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावे लागतात. एका टायरला खिळा घुसला, दुरुस्त होण्यासारखा नसला, आणि बाकीचे तीन निम्मे झिजलेले असतील तर एक नवा टाकून चालत नाही, कारण नव्या आणि जुन्या टायरच्या घेरात फरक पडतो आणि ट्रान्सफर केसमधला क्लच तो फरक भरून काढायला सतत घासत राहतो. मग चारच्या चार घ्या. रिअर-व्हीलमध्ये एका ॲक्सलवरचे दोन बदलून भागतं. शिवाय ट्रान्सफर केसचं ऑइल, पुढचा डिफरन्शियल, पुढचे शाफ्ट, त्यांचे रबरी बूट, हे सगळं लीजवाल्यांना कधी कळणारही नाही, पण गाडी दहा वर्षं ठेवायचा विचार असेल तर हे एवढे भाग जास्तीचे आहेत हे लक्षात असू द्या.

याच्या उलट रिसेलमध्ये एक्सड्राइव्ह जिंकते. नॉर्थईस्टमध्ये सेकंडहँड घेणारा माणूसही तोच प्रश्न विचारतो जो माझ्या दिराने विचारला, त्यामुळे रिअर-व्हील गाडी विकायला वेळ लागतो आणि भाव थोडा पडतो. तीन वर्षांच्या लीजवर घेणाऱ्यांनी म्हणूनच दोन्हीचे कोटेशन समोरासमोर मागावेत, महिन्याच्या हप्त्यात फरक फारसा नाही असंही होऊ शकतं.

एक्सड्राइव्ह कोणी घ्यावी हे मी आता मनापासून सांगते, कारण माझी निवड सगळ्यांवर लादायची नाही. हॉबोकेन, जर्सी सिटीत रस्त्यावर पार्किंग करणारे, अपार्टमेंटमध्ये राहणारे, ज्यांना चार जास्तीचे टायर ठेवायला जागा नाही, त्यांना. बफेलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूसच्या लेक इफेक्टच्या, म्हणजे मोठ्या तळ्यांमुळे भरपूर स्नो पडणाऱ्या, पट्ट्यात राहणाऱ्यांना, आणि तिथे विंटर टायरही लावा, दोन्ही. हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या आमच्या मैत्रिणी आहेत, त्यांना पहाटे पाचला प्लाऊ यायच्या आधी निघायचंच असतं, वर्क फ्रॉम होम हा पर्यायच नाही, त्यांना तर दोन्ही हवंच. दर वीकेंडला मुलांना घेऊन पोकोनोज नाहीतर व्हरमाँटला स्कीइंगला जाणारे, तेही. आणि कॅलिफोर्नियात बे एरियातल्या मंडळींसाठी एक वेगळंच कारण आहे. तुमच्याकडे स्नो पडत नाही, पण डोंगरातल्या टाहोला जाताना आय-८० हायवेवर चेन कंट्रोल (टायरला चेन लावायचा नियम) लागलं की त्याच्या आर-२ या पातळीत सगळ्या गाड्यांना चेन लावावी लागते, सूट फक्त चारही चाकांवर स्नो टायर असलेल्या ऑल-व्हील आणि फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांना. अंधारात, वाऱ्यात, रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसून चेन चढवायची नसेल तर तिथे ऑल-व्हीलचे पैसे पहिल्याच ट्रिपमध्ये वसूल. टेक्सास, फ्लोरिडावाल्यांनी मात्र दोन हजार डॉलर घालायचं मला तरी एकही कारण दिसत नाही.

हा सगळा हिशेब ३ सिरीजचा आहे, दुसऱ्या गाड्यांना जसाच्या तसा लावू नका. लेक्ससच्या आयएसमध्ये तर गंमतच होती, २०२१ ला सुधारून आलेल्या आयएस ३०० मध्ये रिअर-व्हील घेतली तर दोन लिटर टर्बो, २४१ हॉर्सपॉवर आणि आठ स्पीड मिळायचे, आणि ऑल-व्हील घेतली तर साडेतीन लिटरचं व्ही-६, २६० हॉर्सपॉवर पण सहाच स्पीड. म्हणजे तिथे ड्राइव्ह निवडतोय असं वाटायचं आणि प्रत्यक्षात इंजिन निवडलं जायचं. मागच्या पिढीच्या मर्सिडीज सी-क्लासच्या फोरमॅटिकमध्ये (त्यांची ऑल-व्हील) ताकद कायमच पुढे ४५ आणि मागे ५५ टक्के वाटलेली, त्यामुळे तिथे रिअर-व्हीलपेक्षा वेगळी चाल सतत जाणवते. ऑडी ए४, व्होल्वो एस६०, ॲक्युरा टीएलएक्स यांचा पायाच फ्रंट-व्हीलचा, तिथे ऑल-व्हील घेतल्याने गाडी चालवायलाही सुधारते कारण पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो. ऑडी असेल तर मी डोळे झाकून क्वाट्रो, म्हणजे त्यांची ऑल-व्हील, घेईन. इलेक्ट्रिकमध्ये पुढे वेगळी मोटर बसते, मधला शाफ्ट वगैरे नाहीच, आणि मागच्या एकट्या मोटरची ट्रॅक्शन कंट्रोल इतक्या झटकन काम करते की टेस्ला मॉडेल ३ ची रिअर-व्हील स्नोमध्ये सहज जाते, टायर बरे असले तर.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी. तुमच्याकडे ही निवड फारशी हातात नाहीच. चाकणला तयार होणारी सी-क्लास साध्या सगळ्या इंजिनांत रिअर-व्हील, चेन्नईत जुळणारी लांब ३३०एलआय रिअर-व्हील, संभाजीनगरच्या शेंद्र्याला जुळणारी ऑडी ए४ फ्रंट-व्हील. एक्सड्राइव्ह हवी तर ३ सिरीजमध्ये एम३४०आयपर्यंत जावं लागतं आणि तिथे तुम्ही मुख्यतः सहा सिलिंडरच्या इंजिनाचे पैसे देताय. आणि खरं सांगू का, मुंबई-पुण्याला ती नसल्याने काही अडत नाही. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात किंवा ताम्हिणीत गाडी घसरते ती बहुधा उतारावर, वळणावर, ब्रेक मारताना, साचलेल्या पाण्यावर टायर तरंगल्यामुळे. तिथे ऑल-व्हील ड्राइव्ह काय करणार? टायरची नक्षी दोन मिलिमीटरवर आली की कायद्याने अजून चालतेय म्हणून ओढत बसू नका, जूनच्या आधी बदला. पन्नास-साठ लाखांच्या गाडीला गुळगुळीत टायर लावून एक्सप्रेसवेवर १२० ने जाणारे लोक मी बघितलेत आणि माझा जीव खालीवर होतो.

शेवटी ऑर्डर करताना काय बघायचं ते. रिअर-व्हील हवी असेल तर बहुतेक फॅक्टरी ऑर्डरच द्यावी लागेल, दोन-तीन महिने थांबायची तयारी ठेवा आणि डीलर "लॉटवरची आज घेतली तर इतकी सूट देतो" म्हणेल तेव्हा ती सूट आणि तुमची गरज दोन्ही शांतपणे तपासा. १९ इंची चाकं दिसायला सुंदर, पण काही पॅकेजमध्ये मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद येतात, मग ते पुढे-मागे अदलाबदल करता येत नाहीत आणि लवकर संपतात, शिवाय जर्सीचे खड्डे आहेतच. १८ इंची, चारही सारखी, हीच घ्या. हीटेड स्टिअरिंग आणि हीटेड सीट सोडू नका. परफॉर्मन्स टायरचा पर्याय समोर आला तर ते उन्हाळी टायर असतात, थंडीत अजिबात चालवायचे नाहीत, ऑर्डर फॉर्मवर सही करायच्या आधी ती ओळ स्वतः वाचा. आणि विंटर टायर सप्टेंबरमध्ये घेऊन ठेवा, पहिल्या स्नोचा अंदाज टीव्हीवर आला की तुमच्या मापाचे मिळत नाहीत आणि बसवायची अपॉइंटमेंट तर त्याहून नाही.